कातड्यावरचे भोक कोणाचे?

(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर वाचून काही जणांनी आम्हाला सकाळीच गाठले. महागाई भत्ता, पेन्शन, रिकाम्या जागा एवढे प्रश्न पडलेले असताना माशांवर व्याख्यान कशासाठी, असे त्यांचे म्हणणे. म्हणणे रास्त आहे. परंतु गुरांना छळणारी माशी आणि कामगाराच्या पगारातून होणारी वसुली यांचा संबंध आम्ही एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

१९८० नंतरच्या दशकातली गोष्ट. आम्ही एका मोठ्या स्टेशनच्या मालधक्क्यावर कामाला होतो. पंजाबकडून मिठाच्या कातड्यांचा माल आला. मिठाची कातडी म्हणजे सोललेल्या कातड्याला आतून मीठ चोळायचे, घडी घालायची आणि गठ्ठा बांधायचा. त्या वासाबद्दल ज्यांनी अशी वाघीण रिकामी केली आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी केलेली नाही त्यांना सांगून कळणार नाही. माल सोडवायला आलेल्या व्यापाऱ्याच्या माणसाने ओपन डिलिव्हरी मागितली. गठ्ठे उलगडले गेले. दहा-बारा कातड्यांवर ऐन पाठीच्या भागात भोके निघाली, बोरूचे टोक जाईल एवढाली. त्याने तिथेच ठरवून टाकले की, हमालांनी गठ्ठे ओढताना आकडे लावले आणि माल फाडला. कागदावर तसे लिहिले गेले. तीन हमालांची नावे आली, पाठोपाठ एका कारकुनाचेही आले, आणि डेबिट काढण्याची भाषा सुरू झाली.

आपल्या दोन्ही खात्यांत हे नवे नाही. पार्सल फुटलेले निघाले की पहिला प्रश्न येतो, शेवटी कोणाच्या हातात होते? आधी कोणी कसे बांधले, हा प्रश्न कधीच पहिला येत नाही.

मालधक्क्याच्या मागच्या वस्तीत कातडी कमावण्याच्या कामात हयात घालवलेले एक म्हातारे गृहस्थ राहत होते. आमच्यातला एक हमाल त्यांना घेऊन आला. त्यांनी एक कातडे केसांच्या बाजूने पाहिले, उलटून मांसाच्या बाजूने पाहिले, भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "साहेब, आकड्याचं भोक मेल्यावर पडतं. हे जितेपणी पडलंय. जित्या कातड्याला भोक पडलं की त्याला कड येते. मेल्याला कुठून येणार?"

हे त्यांनी कशावरून ओळखले, हे समजून घेण्यासाठी कातडे म्हणजे काय ते आधी थोडे पाहू.

जनावराच्या अंगावरचे कातडे एका थराचे नसते. सर्वांत वरचा पापुद्रा अगदी पातळ असतो. कातडे चुन्याच्या हौदात टाकले की केसांबरोबर तोही निघून जातो. त्याच्याखाली खरे कातडे. त्याच्या वरच्या अंगाला केसांची मुळे असतात, आणि हाच भाग पुढे बुटाचा, पिशवीचा, पट्ट्याचा दर्शनी चेहरा होतो. त्याखाली जाड धाग्यांची घट्ट वीण असते आणि चामड्याचे बळ तिच्यात असते. आपल्या जुन्या वर्कशॉपांत एका शाफ्टवरून दहा यंत्रे फिरवणारे चामडी पट्टे असत. ते ताण सोसत ते या विणीच्या जोरावर. आता माशांचे दोन प्रकार झाले. एक चावतात आणि चेहरा बिघडवतात. दुसऱ्या चावत नाहीत, पण वीणच फोडतात.

चावणाऱ्यांत पहिली आहे गोठ्यातली चावरी माशी. दिसायला ती हुबेहूब घरातल्या माशीसारखी, करडी, तेवढीच मोठी. फरक एवढाच की हिच्या डोक्यापुढे एक काळी ताठ सुई आलेली असते. घरमाशीला चावताच येत नाही. तिचे तोंड म्हणजे स्पंज, ओले असेल ते टिपायचे. तरीही पावसाळ्यात "आज माश्या फार चावताहेत" असे आपण म्हणतो, तेव्हा ती घरमाशी नसून ही तिची बहीण असते. डासांत फक्त मादी रक्त पिते. या माशीत नर आणि मादी दोघेही पितात. तिची बसायची जागा ठरलेली असते. गुडघ्याखालचा पाय, नाहीतर पोट. गाय उभ्या उभ्या एकसारखे पाय आपटते आहे, चार जनावरे डोकी आत करून एकमेकांना चिकटून उभी आहेत, असे दिसले की ओळखावे. रक्त पिऊन झाले की ही माशी जनावरावर थांबत नाही, भिंतीवर किंवा खुंट्यावर ऊन खात बसते. म्हणून गाईच्या पायावर चारच माशा दिसल्या तर चारच आहेत असे समजू नये. भिंत पाहावी.

एका चाव्याने काय होते? टाचणीच्या डोक्याएवढी गाठ येते, खपली धरते, खाली कठीण ठिपका राहतो. एवढ्याने काही बिघडत नाही. पण तीच जागा, रोज, कित्येक तोंडांनी, तीन-चार महिने टोचली गेली की केस झडतात आणि कातडे जाड व खरबरीत होते. जनावर जिवंत असताना हे केसांखाली झाकलेले असते. कातडे चुन्यातून निघाले की ठिपके दिसू लागतात आणि रंग दिला की उठून दिसतात, कारण त्या जागी रंग सारखा बसत नाही. देवीचे व्रण चेहऱ्यावर राहावेत तसे हे असते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. पायाचे आणि पोटाचे कातडे तसे हलक्या किमतीचेच असते. चाव्या माशीने गाईचा जीव नकोसा होतो, दूध कमी होते, पण कातड्याचा सर्वांत चांगला भाग तिच्या तावडीतून बराचसा सुटतो. तो भाग दुसरीच्या वाट्याला येतो. ही माशी घरमाशीच्या निम्म्या आकाराची. पुस्तकांत तिला म्हशीवरची माशी म्हटले आहे. ती रात्रंदिवस जनावराच्या अंगावरच राहते, खांद्यावर, पाठीवर, बरगड्यांवर. दुपारी ऊन तापले की पोटाखाली जाते. दिवसातून वीस-वीस वेळा रक्त पिते, थोडे थोडे. अंगावरून ती खाली उतरते ती फक्त ताज्या शेणात अंडी घालायला. शेण पडल्याबरोबर उतरते आणि लगेच परत जाते. आशियातली ही माशी १८३८ च्या सुमारास तिमोर बेटावरच्या गुरांबरोबर जहाजातून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर उतरली, आणि तिथल्या गुरेवाल्यांच्या मागे ती आजही लागलेली आहे.

तिसरी ती मोठी, हिरव्या किंवा तपकिरी डोळ्यांची, दुपारच्या उन्हात घोंघावत येणारी. तिची नावे गावागणिक बदलतात. हिच्यात रक्त फक्त मादी पिते, नर फुलांवर जगतो. हिचे तोंड सुईसारखे नसून सुऱ्यांसारखे असते. कातडे चिरायचे आणि साचलेले रक्त चाटायचे. ते इतके झोंबते की बैल नांगरटीत उधळतो. आणि शेपटीखाली, मांडीच्या आत चिकटून बसणारी चपटी गोमाशी आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिली आहे. ती चिमटीत दाबली तरी मरत नाही, इतकी चिवट.

माशीच्या तोंडाने होते त्याहून जास्त नुकसान जनावर स्वतःच्या अंगाला करून घेते. खाज सुटली की ते बाभळीच्या खोडाला अंग घासते, कुंपणाच्या काटेरी तारेला घासते, गोठ्याच्या दगडी कोपऱ्याला घासते. त्याचे लांब ओरखडे कातड्यावर कायमचे राहतात. घासून जखम झाली की दुसऱ्या जातीची माशी तिच्यावर अंडी घालते आणि जखमेत अळ्या पडतात. आसाम, बंगाल, ओडिशा या भागांत नोकरी केलेल्या आपल्या भावांनी बैलांच्या वशिंडावर चिघळलेले चट्टे पाहिले असतील. ते जुवामुळे झाले असे वाटते. जू घासून खांदेसूज येते हे खरेच, पण वशिंडावरचा हा चट्टा एका बारीक जंताचा असतो आणि तो जंत एका माशीबरोबर या जखमेवरून त्या जखमेवर जातो. त्यावर उपाय म्हणून लोखंड तापवून डाग दिला की कातड्याचे मातेरे पुरे होते. डाग देणे आणि पराणी टोचणे ही मात्र माशीची करणी नव्हे, आपलीच.

आता मालधक्क्यावरच्या त्या भोकाकडे परत येऊ. ते पाडणारी माशी चावणाऱ्यांतली नव्हतीच. तिला तोंड असून नसल्यासारखे. प्रौढ माशी काही दिवसच जगते आणि तेवढ्या काळात काहीही खात नाही. ती गाईच्या पायाच्या केसांना अंडी चिकटवते, एवढेच तिचे काम. तिच्या काही जातींच्या नुसत्या गुणगुण आवाजाने गुरे शेपट्या वर करून उधळतात. अंड्यातून निघालेली अळी कातड्यातून आत शिरते, कित्येक महिने अंगात फिरते, आणि शेवटी पाठीच्या कातड्याखाली येऊन थांबते. तिथे तिला श्वास घ्यायला हवा लागते, म्हणून ती कातड्याला आरपार भोक पाडते आणि त्याला नाक लावून बसते. पाठीवर सुपारीएवढी गाठ येते. पुरी वाढलेली अळी इंचभर होते, भोकातून बाहेर पडते आणि जमिनीत जाऊन तिची माशी होते. आपल्या देशात ही माशी मुख्यतः उत्तर आणि वायव्येकडे, पंजाब, हरयाणा, राजस्थान या बाजूला आढळते. इकडे दक्षिणेत आपल्याला ती ठाऊक नसते, म्हणून तिची करणीही आपल्याला ओळखू येत नाही. ते म्हातारे गृहस्थ मात्र तरुणपणी कानपूरला काम करून आले होते.

त्यांनी त्या दिवशी जमिनीवर खडूने कातडे काढून आम्हाला जे दाखवले ते असे. अळीचे भोक पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, पुंजक्याने असते, आणि त्याची कड गोल व आतून गुळगुळीत असते. आकडा कुठेही लागतो, कातडे ओढल्यासारखे फाटते, कड कोरी राहते. सोलणाऱ्याची सुरी चुकली तर घाव मांसाच्या बाजूने असतो, सरळ रेघेत असतो, आणि बहुधा आरपार जात नाही. माशीचा चावा केसांच्या बाजूने असतो आणि वरच्यावर राहतो. गोचिडाचे डाग जांघेत, मानेखाली, कासेजवळ सापडतात, कारण गोचिडाला सावलीची जागा लागते. एवढी पाच वाक्ये त्या चौकशीत कोणी लिहून घेतली असती तर काम एका दिवसात संपले असते. युनियनने ती लिहून दिली, कापलेले तुकडे जोडले, तरी कागद फिरायला कित्येक महिने लागले. शेवटी हमालांवरचे आणि कारकुनावरचे डेबिट सुटले.

पण नुकसान काही नाहीसे झाले नाही. व्यापाऱ्याने माल कमी भावाने उचलला. कमी पडलेले पैसे त्याने माल पाठवणाऱ्याकडून कापले असणार. पाठवणाऱ्याने ते गावोगाव मेलेली जनावरे उचलून सोलणाऱ्या माणसांकडून कापले असणार, आणि त्यांच्या खाली कापायला कोणी उरत नाही. आमचे चार लोक वाचले याचा आनंद आम्हाला झाला. त्या सोलणाऱ्यांचे काय झाले, हा प्रश्न आमच्या मनात आला तो बऱ्याच वर्षांनी, हे कबूल केले पाहिजे.

या धंद्याची रीतच तशी आहे. केस असताना कातड्यावरचा चावा दिसत नाही. मग खरेदीदार काय करतो? सगळ्याच कातड्यांत डाग असणार असे धरून सरसकट भाव पाडतो. ज्याने जनावर नीट ठेवले त्यालाही तोच भाव, आणि ज्याने ठेवले नाही त्यालाही तोच. जनावराच्या मालकाला तर कातड्याचे पैसे बहुधा मिळतच नाहीत. मेलेले जनावर त्याच्या दारातून उचलले गेले की त्याचा संबंध संपतो. ज्याच्या गोठ्यात माशी वाढते त्याला तिची किंमत मोजावी लागत नाही आणि जो मोजतो त्याला त्या गोठ्यात शिरायलाही पूर्वी मज्जाव होता. हे काम कोणत्या जातींच्या माथी मारले गेले आणि त्याबद्दल त्यांना काय ऐकून घ्यावे लागले, ते या सभागृहात नव्याने सांगायला नको.

शिवाय महाराष्ट्रात गोहत्याबंदी आधीपासून होती. २०१५ पासून बैल आणि वळूही त्या कायद्यात आले. म्हणजे इथले गाईबैलाचे कातडे आता आपल्या मरणाने मेलेल्या, पुष्कळदा म्हाताऱ्या जनावराचे. पंधरा पावसाळे काढलेल्या बैलाच्या अंगावर पंधरा पावसाळ्यांच्या माशा लिहिलेल्या असतात.

मोठे कारखाने यावर तोड काढतात. चामड्याचा वरचा थर घासून काढतात, त्यावर जाड रंग देतात आणि यंत्राने खोटी नक्षी उठवतात. तुमच्या पायातल्या बुटाचा चेहरा कित्येकदा असा बसवलेला असतो. पण कोल्हापुरी चपला करणाऱ्याला ही सोय नाही. ते चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले, त्यावर रंगाचा लेप नाही, त्याचे जे आहे ते दिसते. जुन्या पद्धतीत तर कातडे शिवून त्याची पिशवी करतात, सालीचे पाणी भरून ती टांगतात आणि पाणी हळूहळू झिरपू देतात. भोक असेल तर ते पहिल्या तासातच बोलते. विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना गळक्या मोटेमागे किती पाणी आणि बैलांचा किती घाम वाया जातो हेही ठाऊक असेल. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, चांगले झाले. त्या कारागिराला बिनडागी कातडे कुठून मिळणार, हे त्या प्रमाणपत्रात लिहिलेले नाही.

आतापर्यंत आम्ही माशीच्या स्वतःच्या खुणा सांगितल्या. ती दुसऱ्याचे रोग वाहून नेते ते वेगळेच. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याला डेरा इस्माईल खान येथे घोड्या-उंटांच्या रक्तात सर्रा रोगाचा जंतू सापडला. आपल्याकडे पशुरोगांच्या अभ्यासासाठी सरकारी प्रयोगशाळा निघाली ती १८८९ मध्ये, आणि ती निघाली पुण्यात. पुढे १८९३ मध्ये ती कुमाऊंत मुक्तेश्वरला गेली. आज इज्जतनगरला असलेली भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच. तिथे १९०१ मध्ये लिओनार्ड रॉजर्स यांनी दाखवून दिले की सर्रा पसरवते ती मोठी चावरी माशी. ती एका जनावराला चावते, ते अंग झाडते म्हणून अर्ध्यावर उठते आणि ओल्या तोंडाने दुसऱ्यावर बसते. हीच गोष्ट आपण पुन्हा शिकलो २०२२ मध्ये.

लम्पी चर्मरोग प्रथम १९२९ मध्ये आफ्रिकेत, आजच्या झांबियात नोंदला गेला. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात दिसला. २०२२ च्या उन्हाळा-पावसाळ्यात गुजरात-राजस्थानात त्याने हाहाकार केला, ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून महाराष्ट्रात बातम्या येऊ लागल्या, सप्टेंबरात राज्यभर जनावरांचे बाजार आणि वाहतूक बंद झाली. त्या वर्षी देशात दीड लाखांहून अधिक जनावरे दगावली. हा देवीच्या जातीचा विषाणू आहे. माणसाला तो होत नाही. जनावराच्या अंगभर तो सुपारी-लिंबाएवढ्या गाठी उठवतो, आणि त्याची ने-आण करणाऱ्यांत गोठ्यातली चावरी माशी, डास आणि गोचीड ही मंडळी आहेत. शेळ्यांच्या देवीची लस टोचून साथ आवरली गेली. हिस्सार आणि इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी खास या रोगावरची देशी लसही तयार करून दाखवली.

कातड्याच्या दृष्टीने लम्पीइतके वाईट काही नाही. गाठ वरवरची नसते, कातड्याची पूर्ण जाडी त्यात सडते. मधला गोल तुकडा मरून बाहेर पडतो आणि खड्डा राहतो. जनावर बरे झाले तरी त्याचे कातडे गेलेच. मेलेल्या जनावरांसाठी महाराष्ट्र सरकारने गाईला ३०,००० रुपये, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० अशी मदत ठरवली होती. ती ज्यांना मिळाली त्यांना आधार झाला. वाचलेल्या जनावराच्या चाळण झालेल्या कातड्याचा हिशेब मात्र कोणत्याच रकान्यात नव्हता. तो काही वर्षांनी सोलणाऱ्याच्या आणि कमावणाऱ्याच्या पदरात पडणार.

टपाल खात्यातल्या आमच्या ग्रामीण डाकसेवक भावंडांना हे सगळे अगदी जवळचे आहे. त्यांना नेमताना खातेच विचारते की चरितार्थाचे दुसरे साधन आहे ना? ते दुसरे साधन पुष्कळदा दोन म्हशी आणि एक गाय हेच असते. खात्याचा भत्ता अपुरा म्हणून गोठा, आणि गोठ्यावर माशी. त्यांच्या मागणीपत्रकात हा मुद्दा कोणी घातलेला आम्ही तरी पाहिलेला नाही.

आता करायचे काय? औषधांच्या आधी शेणाकडे पाहावे. चावरी माशी ताज्या शेणाच्या पोत्यापेक्षा मूत्राने भिजलेल्या, कुजक्या काडीकचऱ्यात वाढते, गव्हाणीखालच्या ओल्या वैरणीत वाढते. अंड्यापासून माशी व्हायला आपल्याकडच्या ऊबेत दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून दर आठवड्याला तो ओला थर खरवडून काढला, लांब उकिरड्यावर टाकला आणि उकिरडा मातीने किंवा प्लॅस्टिकने झाकला, तर माशी होण्याआधीच अळी मरते. महिन्याने एकदा झाडून काही उपयोग नाही, तोवर एक पिढी उडून गेलेली असते. म्हशीवरची बारीक माशी वाढते ती ताज्या शेणात. ते शेण रोज गोळा करून पातळ गोवऱ्या थापून उन्हात वाळवले की तिची अळी तग धरत नाही. आपल्या आया-बहिणी सरपणासाठी जे करत आल्या ते न सांगता माशीचे औषध होते. गॅस आल्यावर गोवऱ्या कमी झाल्या. त्याबद्दल गॅसला दोष देण्याचा आमचा मुळीच विचार नाही, पण शेण मग कुठे जाते ते पाहावे. कडुलिंबाच्या पाल्याचा धूर संध्याकाळी जनावराला थोडी उसंत देतो, एवढेच त्याचे काम समजावे. अंगावर फवारायची औषधे पशुवैद्यकाला विचारून, आणि एकच औषध वर्षानुवर्षे नको, माशीला त्याची सवय होते. पाठीत अळ्या असतील तर त्या गाठी पिळू नयेत. अळी आत फुटली तर जनावराला जोराची बाधा होऊ शकते. त्यावर आयव्हरमेक्टिन हे चांगले औषध आहे. ते शोधणाऱ्या कँपबेल आणि ओमुरा यांना २०१५ चे नोबेल मिळाले. पण ते दुधात उतरते, म्हणून दुभत्या जनावराला मनाने देऊ नये. ब्रिटनने ही पाठीतली अळी १९९० च्या सुमारास जवळजवळ नाहीशी केली ती एकेका शेतकऱ्याच्या हौसेवर नव्हे, सरकारने सगळ्यांच्या गुरांवर एकाच वेळी मोहीम चालवून.

एक गमतीची गोष्ट सांगतो. जपानमध्ये २०१९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी काळ्या गाईंच्या अंगावर पांढरे पट्टे रंगवले, झेब्र्यासारखे. चावऱ्या माशा सुमारे निम्म्याने कमी बसल्या. २०२५ मध्ये त्यांना हसवणाऱ्या संशोधनाचे इग नोबेल पारितोषिक मिळाले. आपण पोळ्याला बैलाच्या अंगावर गेरूचे ठिपके काढतो, त्याने माशी पळते की नाही हे कोणी मोजलेले आमच्या माहितीत नाही. खांदेमळणीला मात्र बैलाच्या खांद्यावरून हळद-लोणी लावलेला हात फिरतो, आणि त्या एका दिवशी तरी मालक त्याचे कातडे बोटांनी वाचतो.

राहिला आपला मालधक्का. वाघिणीतून सांडलेले धान्य, पेंड आणि भुसा रुळांच्या कडेला पावसात भिजून कुजतो. माशीला गोठा आणि मालधक्का यांत फरक कळत नाही, ओले आणि कुजके असले की झाले. आसपासच्या वस्तीतली गुरे तिथेच चरायला येतात. पावसाळ्यापूर्वी नाल्या साफ करण्याचे जे पत्र शाखा दरवर्षी देते, त्यात या कुजक्या ढिगांची एक ओळ यंदापासून घालावी अशी आमची सूचना आहे. सेक्रेटरींनी ती टिपून घेतली आहे असे दिसते. चहा आलेला आहे. ज्यांच्या घरी जनावरे आहेत त्यांनी प्रश्न विचारावेत, आणि ज्यांना कातड्याच्या खुणा हाताने पाहायच्या असतील त्यांच्यासाठी चामड्याचे चार तुकडे आम्ही पिशवीतून आणले आहेत. त्यातला एक त्या पंजाबच्या मालातला आहे.